मस्कतहून वहिबा वाळवंट: एका रात्रीची गाइडेड टूर घ्यावी की त्याच दिवशी परत यावं?

म्हापशाची_बाय

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत गोव्याच्या मोपा विमानतळावरून ओमानला, मस्कतला जायचं ठरतंय. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. भाऊ तिथंच नोकरीला आहे त्यामुळे राहायची सोय रुवीला त्याच्या घरी. आईनं जन्मभर समुद्र आणि पाऊस बघितलाय, आता तिला वाळवंट बघायचंय, एवढी एकच गोष्ट तिनं स्वतःहून मागितलीय म्हणून ती नीट व्हावी असं मनापासून वाटतं.

भाऊ म्हणतो वहिबा सँड्सला जा, टूरवाले घरून उचलतात आणि घरी सोडतात. पण एक म्हणतो सकाळी नेऊन रात्री परत आणतो, दुसरा म्हणतो कॅम्पवर एक रात्र राहा. आईचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, बाबांना कमरेचा जुना त्रास आहे. गाडी रेतीत वरखाली उडवतात त्याचे व्हिडिओ बघून बाबा आत्ताच नको म्हणतायत. शिवाय आई सोमवारी मासळी-मटण खात नाही, कॅम्पवर जेवणाचं काय असतं? थंडी किती असते? कुणी आई-वडलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

मत्रा_कॉर्निश

ताई, मी मूळ डिचोलीचा, मस्कतला राहतो आणि गावाहून पाहुणे आले की त्यांना वहिबाला घेऊन जाणं हे माझ्याकडेच असतं, म्हणून जरा लांब लिहितो.

रात्र राहाच. कारण सांगतो. मस्कतहून बिदिया, म्हणजे वाळवंटाच्या तोंडाशी असलेलं गाव, साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन तास. रस्ता एकदम चांगला आहे, डोंगरातून जातो, पण एकाच दिवसात जायचं आणि यायचं म्हटलं तर पाच-सहा तास नुसते डांबरी रस्त्यावर जातात. वयस्कर माणूस रेतीत दमत नाही, त्या बसून राहण्यानं दमतो. आणि वाळवंट बघण्यासारखं असतं ते दोनच वेळेला, सूर्य उतरताना आणि सूर्य वर येताना, कारण तेव्हा रेतीच्या टेकड्यांची एक बाजू केशरी आणि दुसरी काळी दिसते, उंची कळते, वाऱ्यानं पडलेल्या रेघा कळतात. दुपारी बारा-एकला तुम्ही तिथं उभे राहिलात तर सगळं सपाट पांढरट दिसतं आणि डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. एका दिवसाच्या टूरमध्ये बरेचजण नेमके त्याच वेळेला तिथं नेतात कारण ड्रायव्हरला रात्री मस्कतला पोचायचं असतं. मग आई म्हणणार हेच का ते?

रात्री आकाश बघायला मिळतं ते वेगळंच. जानेवारीत मृग आणि कृत्तिका संध्याकाळीच वर असतात, आणि आसपास उजेड नसल्यामुळे त्यांच्या मधल्या बारीक चांदण्या पण दिसतात ज्या आपल्याला म्हापशात काय पणजीत पण दिसत नाहीत. कालनिर्णय बघून तारीख ठरवा. अमावास्येच्या जवळ गेलात तर तारे, पौर्णिमेच्या जवळ गेलात तर चांदण्यात रेती दिसते पण तारे कमी होतात. मला स्वतःला अमावास्या आवडते.

थंडीबद्दल, जानेवारीत दिवसा पंचवीसच्या आसपास छान हवा असते, रात्री पंधराच्या खाली पण उतरते, आणि आपल्या गोव्याच्या माणसाला तेवढी थंडी पुष्कळ होते. स्वेटर, कानटोपी, पायमोजे न विसरता. पहाटे कधीकधी दव पडून रेतीचा वरचा थर ओला झालेला असतो, समुद्र जवळ असल्यामुळे.

जेवणाची काळजी करू नका. कॅम्पवाले भारतीय पाहुण्यांना सरावलेले आहेत, भात, डाळ, भाजी, हम्मुस (चण्याची चटणी), खुबूस (अरबी रोटी), सॅलड असतंच, फक्त बुकिंग करताना किती माणसं व्हेज आहेत ते लेखी कळवा, तिथं पोचल्यावर सांगून काही होत नाही कारण सामान सगळं गावातून येतं. वाटेत केरळी लोकांची छोटी हॉटेलं असतात तिथं परोठा आणि करक चहा मिळतो, आई-बाबांना तो चहा आवडेल.

आणि फेब्रुवारी नको. २०२६ आणि २०२७ दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारीत सुरू होतो. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणं-पिणं करायचं नसतं, वाटेतली खानावळं बंद असतात, म्हातारी माणसं आणि लहान मूल घेऊन ते अवघड जातं. जानेवारीच ठरवा.

साळावलीकाठ

मी थोडं वेगळं सांगते. सासूबाईंना घेऊन आम्ही एका दिवसातच करून आलो आणि त्या खूश होत्या. त्यांना परक्या जागी झोप लागत नाही आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. बऱ्याच साध्या कॅम्पमध्ये बाथरूम तंबूच्या बाहेर, थोडं चालून जावं लागतं, अंधारात रेतीतून, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रेतीत चालणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे रात्र राहाच असं सरसकट म्हणू नये असं मला वाटतं.

फक्त आम्ही ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं की सकाळी उशिरा निघू, अकरानंतर, आणि सूर्य बुडेपर्यंत रेतीतच थांबायचं, परतायला रात्रीचे दहा वाजले तरी चालतील. असं करणारा मिळाला तर एक दिवस पुरतो. येताना सासूबाई गाडीत झोपूनच होत्या.

उंटाबद्दल एक. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि बसताना पुढचे पाय आधी मोडतो, तेव्हा परत पुढेच. दोन्ही वेळेला मागे रेलून घट्ट धरायचं. पाय फाकून बसावं लागतं, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढावा, बसायचा हट्ट नको. लेकीला मात्र नक्की बसवा.

म्हापशाची_बाय

दोघांचेही खूप खूप आभार. साळावलीकाठ, बाथरूमचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आईला तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता भावानं दोन कोटेशन मागवलीत. पहिल्यात लिहिलंय दोन दिवस, खासगी गाडी, कॅम्पवर रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता, वादी बनी खालिद (पाण्याचे डोह असलेली डोंगरातली दरी), बदूंच्या म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या घरी भेट. दुसरं जवळजवळ तीस टक्के स्वस्त आहे, त्यात लिहिलंय शेअरिंग, कॅम्प ट्रान्सफर जादा, डून बॅशिंग (तेच गाडी रेतीत वरखाली उडवणं) समाविष्ट. यातलं काय विचारून घ्यायचं? नवरा म्हणतो स्वस्तवालं घेऊ, एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर आणि आम्ही पाच माणसं.

मत्रा_कॉर्निश

साळावलीकाठ यांचं बाथरूमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तंबूला जोडून बाथरूम असलेले, नाहीतर पक्क्या खोल्यांचे कॅम्प पण आहेत, जरा महाग पडतात पण तुमच्या आईसाठी तेच घ्या. मी रात्र राहा म्हणतो ते ही सोय असेल तरच, नसेल तर त्यांनी सांगितलेली उशिरा निघायची युक्ती चांगली.

कोटेशनचं सांगतो. "कॅम्प ट्रान्सफर जादा" याचा अर्थ असा की मस्कतहून तुम्हाला साध्या कारनं किंवा व्हॅननं आणणार, अल वासिल नाहीतर मिंतरिबला डांबर संपतं तिथं उतरवणार, आणि तिथून पुढे कॅम्पच्या फोर बाय फोरमध्ये घालणार, त्याचे पैसे वेगळे, जायचे आणि यायचे दोन्ही. पाच माणसांचे ते धरले की तीस टक्क्यांचा फरक बहुतेक भरून निघतो. म्हणून पहिला प्रश्न हा की मस्कतच्या दारातून जी गाडी निघणार तीच रेतीत जाणार का, आणि तोच माणूस चालवणार का. गाडी बदलली की माणूस बदलतो, मग आई-बाबांच्या तब्येतीचं तुम्ही पहिल्याला जे सांगितलं ते दुसऱ्याला माहीत नसतं. माझ्या पाहुण्यांसोबत हे झालंय, पहिल्याला सांगितलं होतं हळू चालव, दुसऱ्यानं रेतीत गाडी अशी घातली की काकूंनी डोळेच उघडले नाहीत.

दुसरं, दर माणशी आहे की गाडीमागे? पाचजण असलात तर गाडीमागेच परवडतं. आणि पाचजण अधिक गाइड म्हणजे सहा, लँड क्रूझरमध्ये तिसऱ्या ओळीत कुणाला बसावं लागणार ते विचारा, तिथं बाबांना अजिबात बसवू नका.

तिसरं, गाइडकडे लायसन्स आहे का. ओमानमध्ये टुरिस्ट गाइडला हेरिटेज आणि टुरिझम मंत्रालयाचं लायसन्स लागतं. निःसंकोच विचारा, त्यात कुणाला राग येत नाही. स्थानिक बदू ड्रायव्हर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण रेतीची टेकडी वाऱ्यानं आकार बदलते, काल ज्या बाजूनं उतरता आलं त्या बाजूला आज सुळका असतो, हे रोज तिथं वावरणाऱ्यालाच कळतं.

रेतीत शिरायच्या आधी गाडी थांबवून टायरमधली हवा कमी करतात, पस्तीसच्या आसपास असते ती पंधरा-अठरा पीएसआयवर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. लेकीला खाली उतरून बघू दे, मुलांना ते फार आवडतं. बाहेर आल्यावर गावातल्या टायरवाल्याकडे परत हवा भरतात. हवा कमी न करता कुणी आत घुसत असेल तर तो कच्चा आहे असं समजा आणि तिथंच थांबवा.

मणका_आणि_मी

फिजिओथेरपिस्ट आहे, मडगावला प्रॅक्टिस. बाबांच्या कमरेबद्दल स्पष्ट लिहिते. ज्याला कमरेच्या मणक्याचा जुना त्रास आहे त्यानं डून बॅशिंग करू नये, हळू केलं तरी नको. उतारावरून गाडी खाली आपटते तेव्हा धक्का सरळ बसलेल्या मणक्यातून वर जातो आणि तो कधी येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे अंग सावरता येत नाही. ज्यांचं अलीकडे ऑपरेशन झालंय, हाडं ठिसूळ आहेत, किंवा गरोदर बायका, यांनीही नको.

पण याचा अर्थ बाबांनी वाळवंटात जाऊ नये असा मुळीच नाही. कॅम्पपर्यंत जायची बहुतेक वाट टेकड्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यातून जाते, तिथं गाडी डुलते, आपटत नाही. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा, पट्टा घट्ट, आणि मस्कतहून येताना दर तासा-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चालू दे. टेकडीवर चढायचा खेळ लेक आणि तिचे बाबा करतील, तेवढा वेळ आजी-आजोबांना खाली खुर्ची टाकून द्या. गाइडकडे घडीच्या खुर्च्या असतात, नसतील तर आधी सांगून मागवा.

आईंसाठी, रेतीत अनवाणी चालणं गुडघ्याला वाईट नाही पण उतारावर तिरकं चालू नये. काठी आणायची असेल तर खाली रुंद बूच असलेली आणा, नाहीतर ती रेतीत घुसत राहते. आणि औषधं नेताना डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, दुखण्याच्या काही गोळ्यांबद्दल आखातात विचारपूस होते.

शमीच्या_सावलीत

सगळेजण व्यवस्थेचं बोलतायत, मी त्या जागेबद्दल थोडं लिहितो, कारण तुमच्या आईंना हे सांगितलंत तर बघताना अजून गोडी येईल.

वहिबा, सरकारी नकाशावर शर्किया सँड्स, हे वाळवंट साधारण साडेबारा हजार चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आख्ख्या गोव्याच्या तिप्पटीहून जास्त. उत्तर-दक्षिण जवळजवळ १८० किलोमीटर आणि रुंदी ८० च्या आसपास. उत्तरेकडच्या भागात, जिथं तुम्ही जाणार, तिथं रेतीचे लांबच लांब डोंगर एकाला एक समांतर उत्तर-दक्षिण पसरलेत, शंभर मीटरपर्यंत उंच, आणि मध्ये सपाट पट्टे. त्यांची दिशा अशी का, तर ते दक्षिणेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यानं रचलेत. जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे जूनमध्ये पाऊस घेऊन येतो तोच वारा तिथं अरबी समुद्रावरून कोरडा आत शिरतो आणि रेती ढकलतो. एकच समुद्र, एकच वारा, आणि आपल्याकडे भातशेती तर पलीकडे हे. मला तर हे समजल्यावर ते वाळवंट परकं वाटेनासंच झालं.

आणि रेती नीट हातात घेऊन बघा. तिच्यात शिंपल्यांचा चुरा पुष्कळ आहे, कारण हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती तेव्हा उघड्या पडलेल्या किनाऱ्यावरून वाऱ्यानं ती आत आणली. १९८५ ते ८७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं इथं मोठी मोहीम काढली होती, भूगोलवाल्यांपासून वनस्पतीवाल्यांपर्यंत सगळे होते, तेव्हापासून हे वाळवंट अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

एक झाड तर आईंना नक्की दाखवा. गाडी आत शिरताना बारीक पानांची, फांद्या खाली झुकलेली हिरवी झाडं दिसतील, तिथले लोक त्याला गाफ म्हणतात. ही आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच, राजस्थानात खेजडी. मुळं फार खोल जातात म्हणून पावसाशिवाय तगते, आणि उंट-शेळ्या तिच्याच पाल्यावर जगतात, बदू माणसं तिच्याच सावलीत दुपार काढतात. वहिबाच्या कडेला तर तिची मोठी राईच आहे. गाइडला गाफ म्हटलं की लगेच गाडी थांबवेल.

बदूंच्या घरी गेलात की आधी खजूर आणि काहवा येतो, कोऱ्या कॉफीत वेलची, साखर नसते, छोट्या बिनकानाच्या कपात. कप उजव्या हातानं घ्या. रिकामा कप पुढे केलात की परत भरणार, पुरे झालं असेल तर कप हलकेच दोन-तीनदा हलवून परत द्यायचा. तिथल्या बायका तोंडावर ताठ बुरखा घालतात, त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. विणलेल्या पट्ट्या, किचेन वगैरे विकायला मांडलेलं असतं, घ्यायचंच असं नाही पण काहीतरी घेतलंत तर बरं, कारण टूरवाला त्या घराला किती देतो कुणास ठाऊक, हातात दिलेले पैसे त्या बाईकडेच राहतात.

म्हापशाची_बाय

शमीचं वाचून दाखवलं तर आई उठून बसली, आता तिला टेकड्यांपेक्षा झाडच बघायचंय.

पहिलं कोटेशनच नक्की करतोय, डून बॅशिंग काढून टाकायला सांगितलं आणि तंबूला जोडून बाथरूम असलेला कॅम्प मागितला, ते तयार आहेत, थोडे पैसे वाढतील. बोडगेश्वराची जत्रा झाली की निघू. गुरुवारी रात्री पोचतो. शुक्र-शनि भावाला सुट्टी आहे, तर शनिवारी वाळवंटात राहावं का? आणि परतताना सूर बंदराच्या बाजूनं समुद्राकाठानं यावं की आलो त्याच रस्त्यानं? आईला मोठी मशीद पण बघायचीय.

मत्रा_कॉर्निश

शुक्र-शनिवार नका घेऊ. सुट्टीला मस्कतची सगळी तरुण मंडळी क्वाड बाइक घेऊन तिथं असतात, वादी बनी खालिदला तर गाडी लावायला जागा नसते. रविवारी सकाळी निघा, सोमवारी परत. भाऊ नसला तरी चालेल, गाइड आहेच. आणि सोमवार पडतोय म्हणून सोमवारच्या नाश्त्या-जेवणात आईंचं व्हेज नक्की कळवा.

मशीद शनिवारी करा. सुलतान काबूस ग्रँड मॉस्क आपल्यासारख्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकराच उघडी असते, शुक्रवारी नाही. बायकांनी केस झाकायचे, हात-पाय पूर्ण झाकलेले कपडे, लेकीला पण ओढणी न्या. शुक्रवारी संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरा, जुन्या मस्कतला जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले बघा, पोर्तुगीजांचे. त्यांनी १५०७ ला मस्कत घेतलं आणि १५१० ला गोवा, तोच अल्बुकर्क, फक्त तिथून त्यांना १६५० मध्येच हाकलून दिलं. बाबांना यात रस असेल.

रविवारी आधी वादी बनी खालिद, पार्किंगपासून पहिल्या डोहापर्यंत पाटाच्या कडेनं थोडंच चालायचंय, आई सावकाश येतील. पुढे गुहेकडे नको, दगड निसरडे आहेत. पोहायचं असेल तर अंगभर कपडे, टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंत पँट, तिथं पाटीच आहे. आभाळ भरलेलं असेल किंवा पावसाचा इशारा असेल तर वादीत उतरायचंच नाही, गाइड हो म्हणाला तरी. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच शर्किया भागात वादीच्या पुरात शाळेची मुलं वाहून गेली, पाणी डोंगरावरून कधी येतं ते खाली उभ्या माणसाला कळत नाही.

परत येताना सूरच्या बाजूनंच या. थोडं लांब पडतं पण सूरला लाकडी गलबतं बांधायचा कारखाना अजून चालू आहे, सुतार कसे फळ्या बसवतात ते जवळून बघता येतं, आणि त्यासाठी लागणारं सागवान पूर्वीपासून आपल्या मलबारातून जायचं. फतह अल खैर नावाचं १९५१ चं जुनं गलबत पण जपून ठेवलंय, लेकीला दाखवा. तिथंच दुपारी मासळी चांगली मिळते पण सोमवार, म्हणून बाकीच्यांनी खा. पुढे बिम्माचा खड्डा, निळंहिरवं पाणी, वरूनच बघा, पायऱ्या आईंसाठी नकोत. वादी शाब सोडा, होडीनं पलीकडे जाऊन पाऊण तास दगडांतून चालावं लागतं.

साळावलीकाठ

आणि रास अल जिन्झची कासवं कुणी टूरमध्ये घुसडली तर नको म्हणा. हिवाळ्यात तिथं कासवं फार थोडी येतात, मोठा हंगाम उन्हाळा-पावसाळ्यातला, आणि बघायला रात्री उशिरा नाहीतर पहाटे किनाऱ्यावर रेतीतून चालावं लागतं. कासवांसाठी गालजीबागला नाहीतर मोरजीला जाऊ या, ती आपल्याकडे याच दिवसांत येतात.

मणका_आणि_मी

सूर ते मस्कत दोन तास बाबांना परत पुढची सीट. गाइडला तसं रविवारी सकाळीच सांगून ठेवा, आणि सूरला जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायला जागा आहे का ते पण विचारा, बऱ्याच हॉटेलांत वरच्या मजल्यावर कुटुंबासाठी बैठकीच्या वेगळ्या खोल्या असतात, पाय पसरून गालिच्यावर बसता येतं.